सरळ झाडाच्या शोधात, पाठीवर खुर्ची घेऊन

क्लाइंबिंग स्टँड, म्हणजे झाडावर चढवून हरणाची वाट बघत बसायची खुर्ची, घेताना दुकानात सगळे जण त्यात बसून बघतात. सीट मऊ आहे का, हात टेकायला जागा आहे का, पाय किती लांब करता येतात वगैरे. तो पाठीवर बांधून दुकानाला एक चक्कर मारणारं गिऱ्हाईक मी अजून तरी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर या वस्तूचं सगळं सुखदुःख तिथेच आहे, पाठीवर. बसायला काय, कुठलाही स्टँड दोन तास बरा वाटतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अल्युमिनियमच्या दोन सुट्या चौकटी असतात, वरची बसायची आणि खालची पाय ठेवायची. दोन्हींना झाडाच्या बाजूने दाते असतात आणि दोन्हींना एकेक जाड केबल असते, ती खोडाच्या मागून फिरवून आणायची आणि दुसऱ्या बाजूला पिन घालून अडकवायची. चौकटीच्या पुढच्या, म्हणजे झाडापासून लांबच्या, टोकावर वजन पडलं की केबल मागून खोडाला आवळते, दाते सालीत रुततात आणि चौकट जागची हलत नाही. वजन काढून पुढची कड वर उचलली की पकड सुटते. संपलं, एवढंच त्याचं शास्त्र. मग वरच्या चौकटीवर बसून खालची पायांनी वर ओढायची, खालचीवर उभं राहून वरची हातांनी वर सरकवायची, असं करत करत सुरवंटासारखं पंधरा-वीस फूट वर जायचं. खिळा नाही, शिडी नाही, काही नाही. उतरलं की दोन्ही चौकटी एकमेकींत बसवायच्या, पट्टे आवळायचे आणि पाठीवर टाकून घरी.

मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि इथे हरणाची शिकार हा काही श्रीमंतांचा षोक वगैरे नाहीये, ऑफिसातला अर्धा मजला करतो. रहिवाशाचं साधं लायसन्स २०.९७ डॉलरला मिळतं, त्याआधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो, धनुष्यासाठी वेगळं लायसन्स, मादीसाठी वेगळं. आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "अगं, आपल्याकडे यासाठी जेलमध्ये टाकतात," आणि तिचं बरोबरच आहे, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असायला हवी असं माझंही मत आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या राज्यात हरीण जवळजवळ संपलं होतं, १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे वन्यप्राण्यांचं आणि शिकारीचं सरकारी खातं, स्थापन झालं, १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडली, आणि आता परिस्थिती अशी आहे की हरणं जंगलातली लहान रोपं वर येऊ देत नाहीत आणि हायवेवर गाड्यांखाली येतात. यावर आईशी वाद घालण्यात मी कधी जिंकले नाही तो भाग वेगळा.

पण या सगळ्याचा स्टँडशी संबंध आहे. कमिशनने १९२० पासून जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली, आज या स्टेट गेम लँड्स पंधरा लाख एकरांच्या वर आहेत, आणि तिथे माझ्यासारख्या बिनजमिनीच्या माणसाला कुणाची परवानगी न मागता जाता येतं. अट एवढीच की झाडाला हात लावायचा नाही. फांदी तोडायची नाही, खिळा मारायचा नाही, स्क्रूच्या पायऱ्या ठोकायच्या नाहीत. स्वतःची शेती असलेले लोक आपल्या बांधावर शिडीचा स्टँड ऑगस्टमध्येच लावून मोकळे होतात, सीझनला नुसतं चालत जाऊन वर बसायचं. सरकारी जंगलात माझ्यासाठी उत्तर एकच, खुर्ची स्वतः उचलून न्या, स्वतः परत आणा.

आता वजन. जाहिरातीत आकडा फार गोड दिसतो. हलके क्लाइंबर पंधरा पाउंडांच्या आसपास, आरामदायक वाले वीस-पंचवीस, म्हणजे सात ते अकरा किलो. ट्रेकिंग केलेल्या माणसाला वाटतं त्यात काय मोठंसं. पण त्यात हार्नेस (पडलात तर झेलणारे, अंगाला बांधायचे पट्टे) धरा, धनुष्य किंवा रायफल धरा, पाणी, सुरी, दोर, टॉर्च, आणि मुख्य म्हणजे थंडीचे कपडे, जे घालून चालता येत नाही म्हणून तेही पाठीवरच, की आरामात पस्तीस-चाळीस पाउंड होतात. आणि हे वजन सॅकसारखं पाठीला चिकटून बसत नाही हो. चौकट पाठीपासून लांब राहते, तिचा भार मागे ओढतो, त्यामुळे तुम्ही सतत थोडं पुढे झुकून चालता. त्यात ती खांद्यांपेक्षा रुंद. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईच्या तर दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येते आणि खालची कड चढावर मांड्यांच्या मागे आपटते. हे स्टँड डिझाइन करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सहा फुटी बाप्या असतो हे पाच मिनिटं चाललं की कळतं.

सोबत येणारे खांद्याचे पट्टे तर विचारूच नका. नायलॉनची एक बोटभर रुंद फीत, फोम नावाला. अर्ध्या मैलात खांद्यात रुततात आणि मग हाताची बोटं बधिर व्हायला लागतात. पार्किंगमध्ये एक म्हातारेबुवा भेटायचे, जुन्या लष्करी सॅकच्या फ्रेमचे जाड पट्टे आणि कंबरपट्टा काढून त्यांनी आपल्या स्टँडला जोडलेले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, खांद्यांनी ओझं वाहायचं नसतं. ते कमरेवर बसू दे, खांदे फक्त सांभाळायला." आता हे कुठलाही ट्रेकर सांगेल, पण स्टँड बनवणाऱ्या बऱ्याच लोकांना ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी जुन्या सॅकचा कंबरपट्टा काढून लावला आणि मग पहिल्यांदा वाटलं की आपण हे काम करू शकतो. वजन तेवढंच, फक्त हाडावर बसलं.

दुसरी गोष्ट आवाज. जंगलात काटकी मोडली तर हरीण मान वर करतं, कान फिरवतं, कधी कधी परत चरायला लागतं, कारण काटक्या मोडतातच, खारी मोडतात, दुसरी हरणं मोडतात. पण धातूवर धातू वाजला तर त्या आवाजाला जंगलात काही खुलासाच नाहीये. चालताना चौकट बारीक रोपट्याला लागली की 'टण्ण' असा जो काय आवाज होतो तो पहाटेच्या शांततेत पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत जात असेल. म्हणून लोक स्टँडच्या नळ्यांना काय काय गुंडाळतात, हॉकीच्या काठीला लावायची कापडी टेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, फोम. मी ट्यूबवाली. ट्यूब लांबीत कापायची, ताणून नळीभोवती गुंडाळायची आणि टोकं टेपने बंद करायची, फुकटात काम होतं आणि थंडीत नळी हाताला चटका देत नाही हा बोनस. पिना दोरीने चौकटीला बांधून ठेवायच्या, कारण अंधारात बोटं गारठलेली असताना हातातून सुटलेली पिन ओकच्या पालापाचोळ्यात पडली की तो दिवस संपला. दोन्ही चौकटी एकमेकींवर बांधताना मध्ये जॅकेट घालायचं, म्हणजे जॅकेटही वाहून नेलं जातं आणि खडखडाटही बंद.

या सगळ्यानंतरही काट्यांना उपाय नाही. इथे मल्टिफ्लोरा रोझ नावाचं एक रानगुलाबाचं झुडूप आहे, पूर्व आशियातून आणून एकेकाळी कुंपणाला म्हणून लोकांना कौतुकाने लावायला दिलेलं, ते आता सगळीकडे माजलंय. मोकळा माणूस त्यातून वाकून तिरपा होऊन निघतो. पाठीवर चौकट असलेला माणूस अडकतो, मागे सरकतो तर अजून दोन फांद्या अडकतात. त्यामुळे स्टँड असला की मी वाट वेगळी निवडते, थोडी लांबची, ओढ्याच्या काठाने, जिथे जमीन ओली आणि आवाज कमी. म्हणजे बघा, ओझं नुसतं ओझं राहत नाही, तुम्ही कुठून जाणार तेही तेच ठरवायला लागतं.

घामाचं पण तसंच. नोव्हेंबरच्या पहाटे शून्याखाली पाच असतं आणि तुम्ही चढावर चाळीस पाउंड घेऊन चाललाय, म्हणजे घाम येणारच. आणि तोच घाम तासाभराने झाडावर वारा लागला की असा गार होतो की दात वाजायला लागतात, वर हरणाला वास जातो तो वेगळाच. म्हणून गाडीतून निघताना एकाच पातळ शर्टवर निघायचं, पहिली दहा मिनिटं कुडकुडायचं, आणि चाल इतकी हळू ठेवायची की धाप लागता कामा नये. घरून अर्धा तास लवकर निघा पण घाई करू नका. झाडाखाली पोचल्यावर ओला शर्ट काढून कोरडा घालायचा, बुंध्याशी काळोखात उभं राहून कपडे बदलायचे, ते दोन मिनिटं काय वाटतं हे लिहून कळणार नाही.

आता झाड. इथे खरी गंमत आहे. साधारण मांडीपेक्षा जाड आणि मिठीत मावेल असं, आठ इंच ते अठरा-वीस इंच व्यासाचं, सरळ, आणि वीस फुटांपर्यंत एकही फांदी नसलेलं झाड पाहिजे. फांदी आली की केबल अडली, तिथेच मुक्काम. ऐकायला सोपं वाटतं ना, जंगलच आहे, झाडंच झाडं. पण असं झाड जिथे पाहिजे तिथे कधीच नसतं. हरणांची वाट जिथे ओढा ओलांडते तिथे नेमकं हेमलॉक असतं, बुडापासून फांद्यांनी भरलेलं, किंवा दोन खोडांचं वाकडं मेपल. आणि तिथून ऐंशी यार्डांवर, जिथे काही कामाचं नाही तिथे, ट्यूलिप पॉपलर दिमाखात उभं, खांबासारखं सरळ. क्लाइंबरवाल्यांचं आवडतं झाड हे. चेस्टनट ओकही छान, खोल भेगांची साल, दाते असे घट्ट बसतात की विश्वास वाटतो. बीच या झाडाची साल गुळगुळीत, त्यावर पहाटेचं दव गोठलेलं असेल तर मी लांबूनच नमस्कार करते. आणि शॅगबार्क हिकरी, जिची साल लांब लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते, तिच्यावर दाते सालीत बसतात खरे पण साल झाडावर बसलेली नसते.

सगळ्यात जास्त भीती मला अॅश या झाडाची वाटते. दिसायला अगदी हवं तसं, सरळ, उंच, खाली फांद्या नाहीत. पण एमराल्ड अॅश बोरर नावाचा एक हिरवा चकचकीत किडा, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला, आणि त्याने इथली अॅशची झाडं उभ्या उभ्या मारली. मेलेलं अॅश फार लवकर ठिसूळ होतं, वरून फांद्या नाही तर अख्खा शेंडा सुटून येतो. नोव्हेंबरात बहुतेक झाडांना पान नसतं, म्हणजे मेलेलं कोण आणि झोपलेलं कोण हे अंधारात कळायचं कसं? सालीवर हात फिरवायचा. अॅशच्या सालीवर आडव्या-उभ्या कंगोऱ्यांची जाळी असते, चौकटचा गुलाम असतो ना पत्त्यात, तसे लांबट चौकट. आणि किडा लागलेला असेल तर सुतारपक्ष्यांनी अळ्या शोधत वरचा थर सोललेला असतो, टॉर्चमध्ये खोड मध्येच फिकट, जवळजवळ पिवळट दिसतं. ते दिसलं की पुढे चालायला लागायचं, मग ओझं कितीही असो. म्हणून झाड दिवसा, सीझनच्या आधी, मोकळ्या हाताने फिरून बघून ठेवायचं असतं. फोनमध्ये खुणा करून ठेवायच्या, आणि एक नाही, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे तीन-चार.

चढणं. आधी खालची चौकट बुंध्याशी, मग वरची कमरेच्या उंचीवर, आणि दोन्हींना जोडणारी एक दोरी. ही दोरी लोकांना फालतू वाटते. समजा वर अठरा फुटांवर तुमचा पाय पट्ट्यातून निसटला आणि खालची चौकट सरकत सरकत खाली गेली, तर तुम्ही एका आरामखुर्चीत बसलेले असाल जिथून खाली यायला रस्ता नाही. दोरी असेल तर ती ओढून परत वर घेता येते. बस, एवढंसं काम, पण त्यावर रात्र कुठे काढायची ते ठरतं.

आणि सुरुवातीला प्लॅटफॉर्म सपाट लावायचा नाही. पुढची कड चांगली वर ठेवायची, इतकी की खाली उभं राहिल्यावर घोटे अवघडतात आणि काहीतरी चुकलंय असं वाटतं. कारण झाड वर निमुळतं होत जातं आणि केबलचा फास तेवढाच राहतो, त्यामुळे प्रत्येक फुटाला पुढची कड थोडी थोडी खाली येते. जमिनीवर सपाट लावला तर वीस फुटांवर तो घसरगुंडी झालेला असतो. झाड किती निमुळतं आहे हे खालून मान वर करून बघून अंदाजाने ठरवायचं, आणि हा अंदाज कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहून देता येत नाही, प्रत्येक झाडाला वेगळा.

मग हातांवर भार देऊन वरच्या चौकटीत बसायचं, गुडघे पोटाशी घेत पाय वर ओढायचे, चवडे वर, टाचा खाली दाबायच्या की खालचे दाते 'कर्र' करून बसतात, उभं राहायचं, वरची चौकट उचलायची, पुढे सरकवायची, बसायचं. एका वेळी फूटभर. सोबत हार्नेसचा पट्टा, जो खोडाभोवती डोक्याच्या वर बांधलेला असतो, तोही वर सरकवत न्यायचा. जमिनीवरून पाय उचलला त्या क्षणापासून परत जमिनीला लागेपर्यंत तो पट्टा अडकवलेला असायलाच हवा. खूप जण वर पोचल्यावर बांधतात, आणि बहुतेक लोक पडतात ते चढता-उतरतानाच. इथल्या शिकारीतल्या गंभीर दुखापतींमध्ये झाडावरून पडणं हे फार मोठं कारण आहे, गोळीपेक्षा गुरुत्वाकर्षण जास्त माणसं जायबंदी करतं असं इथले जुने लोक म्हणतात ते उगाच नाही. धनुष्य किंवा रायफल घेऊन चढायचंच नाही, रायफल रिकामी करून दोरीला बांधायची आणि वर बसल्यावर ओढून घ्यायची.

हार्नेसबद्दल अजून एक, कारण हे फार कमी लोक बोलतात. त्याने झेललं म्हणजे वाचलात असं नाही. लटकत राहिलं तर मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात, पायात रक्त साठतं, आणि काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून हार्नेसला एक छोटा पट्टा लावलेला असतो, त्यात पाय अडकवून उभं राहून भार हलका करायचा. तो पट्टा खिशाच्या तळाशी कोंबलेला असेल तर त्याचा उपयोग शून्य. मी घरी पोर्चच्या खांबावर फूटभर उंचीवर लटकून तो काढायचा सराव करते, शेजारचे लोक आता बघतसुद्धा नाहीत. आणि जमिनीवरून निघताना नवऱ्याला लोकेशन आणि परत यायची वेळ पाठवते. तो उत्तरात फक्त अंगठा पाठवतो, पण वेळ टळून वीस मिनिटं झाली की फोन येतोच.

वर बसल्यावर काय होतं याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात, मला तो भाग त्यामानाने सोपा वाटतो. थंडी वाजते, खार येऊन शिव्या देते, सात वाजता पोटात कावळे. एक गोष्ट मात्र आवडते, मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलं रोप, त्याच्या शेंगेतली म्हातारी मी डबीत घेऊन जाते आणि अधूनमधून एक सोडते. ती सांगते वास कुठे चाललाय. सकाळी ऊन लागलं की हवा उतारावरून वर चढायला लागते, संध्याकाळी थंड होऊन खाली दरीत उतरते, आणि मध्येच एखादी म्हातारी नव्वद यार्डांवर गर्रकन वळून उलटी येते तेव्हा कळतं की आज हे झाड चुकीचं. सरळ झाडाला फांद्या नसतात म्हणजे आडोसाही नसतो, त्यामुळे तिथे तुम्ही आकाशाच्या पडद्यावर एक गाठोडं दिसता. मागे दुसरी दोन-तीन खोडं असली तर बरं, नाहीतर अजिबात हलायचं नाही. रायफलच्या सीझनला अंगावर २५० चौरस इंच भडक केशरी लागतं, ते हरणाला तसं भडक दिसत नाही, पण हललेला हात लगेच दिसतो.

आणि वरून नेम धरताना तिरप्या अंतराला भुलायचं नाही. जमिनीवरचं अंतर धरायचं, कमरेतून वाकायचं. झाडाच्या अगदी खाली हरीण आलं तर मी सोडून देते, तेवढ्या उभ्या कोनात बाण एकाच फुप्फुसातून जायची शक्यता फार आणि मग रात्रभर माग काढत फिरायचं, ते नको.

हरीण मिळालं की ओझ्याचं गणित परत पहिल्यापासून. टॅग, म्हणजे लायसन्सबरोबरची चिठ्ठी, लावल्याशिवाय हलवायचं नाही हा नियम. पोट साफ केलेली मोठी मादी शंभर पाउंडांच्या आसपास भरू शकते, आणि पाठीवरचे ते पस्तीस-चाळीस आहेतच. दोन्ही एकदम होत नाही, कितीही ताकदवान असलात तरी. स्टँड झाडाखाली तसाच ठेवून आधी हरीण, कारण मांस थांबत नाही, आणि मग रिकाम्या हाताने परत यायचं, तीच वाट तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा. चौथ्या फेरीला ती वाट मला झोपेतसुद्धा आठवते, कुठे आडवं पडलेलं खोड, कुठे दगड. इथे शिकार ज्यांना हौस वाटते त्यांनी ही चौथी फेरी एकदा करून बघावी.

मध्यंतरी एक प्रश्न ऐकला, एवढं सगळं वाहण्यापेक्षा गेम लँडवर स्टँड लावूनच का ठेवत नाहीस? ठेवता येतो, पहिल्या हरीण सीझनच्या दोन आठवडे आधीपासून शेवटच्या सीझननंतर दोन आठवड्यांपर्यंत, त्यावर ओळख लिहून. पण कायद्याने जागा तुमची होत नाही. तरी लोकांच्या मनात ती होते. स्टँड टांगला की झाड 'माझं', मग शेजारचा ओढा 'माझा', मग रायफलच्या पहिल्या शनिवारी तिथे कुणी दुसरा बसलेला दिसला की डोकं फिरतं. मी पार्किंगमध्ये यावरून पहाटे पाचला कडाक्याची भांडणं ऐकलेली आहेत, दोन्ही माणसं खालच्या आवाजात भांडतात कारण हरणं पळतील. २०१८ पर्यंत रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची, आणि रविवारची हरणाची शिकार २०२० च्या आधी बंदच होती. म्हणजे नोकरीवाल्याच्या हातात तेव्हा काय, मोजके शनिवार. अशा एखाद्या शनिवारी आपलं लावून ठेवलेलं झाड वाऱ्याच्या उलट्या बाजूला निघालं तर? तरी माणूस तिथेच जाऊन बसतो, कारण तिथे स्टँड लावलाय. मला हे विचित्र वाटतं. पाठीवर असला की निदान हा मोह नाही, वारा बघायचा आणि त्याप्रमाणे दुसऱ्या खुणेकडे चालू लागायचं. कुणी आधीच बसलेलं दिसलं तर टॉर्च एकदा हलवून माफी मागायची आणि पुढे. ओझ्याची किंमत मी याच्यासाठी मोजते, बाकी कशासाठी नाही. मचाण म्हटल्यावर आपल्याला ताडोबातलं बुद्धपौर्णिमेचं मचाण आठवतं, ते एका जागी बांधलेलं, पाणवठा ठरलेला, प्राणी तुमच्याकडे येणार. इथे पाणवठा कुठलाही असू शकतो, पाणीच पाणी आहे, त्यामुळे एका जागी बांधून घेणं मला तरी पटत नाही.

आता गेल्या काही वर्षांत सॅडलवाले आलेत. इमारतीला रंग देणाऱ्यासारखं झाडावर कमरेच्या झोळीत लटकून बसायचं, झोळी दोन-तीन पाउंडांची, कुठलंही वाकडं झाड चालतं, हेमलॉकसुद्धा, कारण फांद्यांच्या मधून वाट काढता येते. ऑफिसातला एकजण मला रोज जेवताना पटवतो. "अगं, तू अजून ती खुर्ची वाहतेस?" मी म्हणते, झोळी दोन पाउंडांची, पण चढायच्या काठ्या, पाय ठेवायचा छोटा प्लॅटफॉर्म, दोर, हे सगळं मोजून सांग. मग तो जरा गप्प होतो, कारण ते मिळून बारा-पंधरा पाउंडांवर जातंच. तरी हलकं आहे, मान्य. आणि पाठीला चिकटून बसतं, खांद्याबाहेर काही येत नाही, हे तर मला फारच मोहात पाडतं. ऑक्टोबरात धनुष्याच्या सीझनला, तीन-चार तास बसायचं असेल तर मी पण बहुतेक तिकडे जाईन. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे साडेपाचपासून सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापर्यंत, त्या झोळीत गुडघे खोडाला टेकून लटकायचं? त्याने केलंय. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला आला नव्हता.

तेव्हा सध्या तरी स्टँड आहे. या उन्हाळ्यात खालच्या चौकटीचे पाय अडकवायचे पट्टे बदलायचेत, ते मोठ्या बुटांच्या मापाचे आहेत आणि माझा पाय त्यात खेळतो. केबलचं रबर एका जागी चिरलंय, ती पण नवी मागवलीये. हार्नेसची मुदत पुढच्या वर्षी संपते, त्याचे पैसे बाजूला काढून ठेवायला लागतील. आणि गॅरेजमध्ये गाडीच्या जागेवर हे सगळं पसरलंय त्यावर नवऱ्याचं एक लेखी निवेदन फ्रीजवर लावलेलं आहे, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.